सोसायटीत सायबर पोलिसांचं व्याख्यान की मोबाइलवर ‘सायबर दोस्त’?

इंदिरानगरातल्या ज्येष्ठ नागरिक संघापुढचा पेच: ऑनलाइन फसवणुकीपासून सावध करायला पोलिसांना बोलवावं, की केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ‘सायबर दोस्त’ या सोशल मीडिया खात्याच्या पोस्ट ग्रुपवर टाकत राहावं?

खर्च दोन्हीकडे नगण्य. खटाटोप व्याख्यानाचा जास्त: अर्ज, हॉल, माइक, बंदोबस्त लागला की तारीख पुढे. पण तिथे मोबाइल हातात घेऊन सराव करून घेता येतो. सायबर फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा नंबर सेव्ह करायचा, पैसे घेताना यूपीआय पिन लागतच नाही हे स्क्रीनवर पाहायचं. पोस्ट वाचून हे अंगवळणी पडत नाही (निम्म्या तर न उघडताच फॉरवर्ड होतात).

नव्या क्लृप्त्या मात्र ‘सायबर दोस्त’वर लवकर कळतात, जुन्या व्याख्यानात ‘डिजिटल अरेस्ट’ (व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस बनून अटकेची भीती घालत पैसे उकळणं) नसेलही.

सत्तरीपुढच्यांना व्याख्यानच हवं. नोकरदारांना, कॉलेजच्या पोरांना ‘सायबर दोस्त’ पुरे. फक्त फॉलो अधिकृत खात्यालाच करा.