रोख की यूपीआय?
इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस घ्यायचा तर एका हातात द्रोण, दुसऱ्यात मोबाइल. क्यूआर स्कॅन केला, दुकानातला स्पीकर बोलला, काम झालं. सुट्ट्यांची कटकट नाही. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयचं बळ हेच. क्रेडिट कार्डावर दुकानदाराला शुल्क पडतं, म्हणून ते मी मोठ्या खरेदीलाच काढते.

गर्दीत नेटवर्क गेलं की मात्र रोखच तारते. रिक्षा, भाजी यांसाठी शे-दोनशेचे सुटे पर्समध्ये हवेतच. आणि नोटा मोजून देताना किती गेले ते हाताला कळतं, स्क्रीनवर कळत नाही. किरकोळ खर्चाला यूपीआय लाइट, म्हणजे ॲपमध्येच आधी थोडे पैसे भरून ठेवायचं पाकीट, बरं: पिन लागत नाही, पासबुकात चहा-पोह्यांच्या नोंदींची रांग लागत नाही.

घरातल्या आजी-आजोबांवर मोबाइल लादू नये, असं मला कळकळीनं वाटतं. त्यांना रोखीतच धीर वाटतो, तर वाटू द्या. शिकायचंच म्हणाले तर आधी एवढं पक्कं करून घ्या: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी ‘पैसे जमा करतो, पिन टाका’ म्हणालं, तर फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.