जुन्या कॉम्प्युटर स्पीकरना नवा अ‍ॅम्प : नऊ महिने वापरल्यावर

आमच्याकडे २००३ साली असेंबल केलेला कॉम्प्युटर आला, त्याच्याबरोबर हे स्पीकर आले. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची दोन खोकी, प्रत्येकात खालच्या सुरांसाठी चार इंची वूफर आणि वर बारीक सुरांसाठी छोटा ट्वीटर. बॉक्सवर ठळक अक्षरांत ‘४०० वॉट पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराची, कागदावरची ताकद. सभेला लाखभर लोक होते म्हणतात ना, त्यातलाच हा आकडा. मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत खरं लिहिलेलं होतं : १० वॉट आरएमएस, म्हणजे सतत देता येईल अशी ताकद.

कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला, स्पीकर माळ्यावर राहिले. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर खाली काढले तर गाणं लावायच्या आधीच ‘हूंऽऽ’ सुरू. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर, आणि डावा स्पीकर टपली मारल्याशिवाय बोलायचा नाही. दुरुस्तीवाल्याने उघडूनही न बघता सांगितलं, “टाका हो आता, ब्लूटूथवाला घ्या.”

घरी आणून उजवं खोकं उघडलं. प्लग काढून थोडा वेळ थांबलो, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. आत ट्रान्सफॉर्मर, एक तपकिरी पडलेला बोर्ड आणि दोन कपॅसिटर, दोघांचीही डोकी फुगलेली. हूंऽऽ तिथूनच येत होती. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, डायोडच्या ब्रिजमधून गेली की तिच्यावर १०० हर्ट्झची लाट उरते, ती गिळायचं काम या कपॅसिटरचं. ते म्हातारे झाले की लाट थेट स्पीकरपर्यंत येते. वूफरना मात्र काही झालं नव्हतं. कडा रबराची होती म्हणून वाचली. फोमची असती तर हात लावताच भुगा झाला असता. मल्टिमीटरवर दोन्हीकडे ३.५ ओहम आलं (मीटरवर जरा कमीच दिसतं), म्हणजे ४ ओहमचे वूफर, कॉइल शाबूत.

कपॅसिटर बदलूनही काम भागलं असतं. पण व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणामागचा फिरता रेझिस्टरही गेलेला, बोर्डवरच्या तांब्याच्या पट्ट्याही उचकटलेल्या. म्हणून पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन टीपीए ३११६डी२ या चिपचा आवाज वाढवणारा तयार बोर्ड, म्हणजे अ‍ॅम्प, आणला, साडेसहाशे रुपयांना. सध्याच्या बऱ्याच स्वस्त छोट्या अ‍ॅम्पमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची हीच चिप असते. जाहिरातीत ५० अधिक ५० वॉट लिहितात. ते २१ व्होल्टवर, ४ ओहमला, आणि तेही आवाज फाटायला लागल्यावर. माझ्याकडे जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर पडून होता, पण १० वॉटच्या वूफरला तो कशाला? १२ व्होल्टवर ४ ओहमला पंधरा-सोळा वॉट निघतात, घराला उदंड झाले.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. जुन्या बोर्डवर दोन्ही स्पीकरच्या मायनस वायरी एकाच ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टला जोडलेल्या होत्या. मी तशाच एकत्र पिळून नव्या बोर्डला लावल्या. चालू केलं तर शुकशुकाट. या चिपमध्ये स्पीकरची मायनस वायर म्हणजे ग्राउंड नव्हे. प्लस आणि मायनस दोन्हींवर आउटपुट असतो. दोन मायनस एकमेकींना चिकटवले की चिप स्वतःला बंद करून घेते. नशीब, जळली नाही. वायरी वेगळ्या केल्या, आवाज आला. पुढच्या बाजूचं हेडफोनचं भोकही याच कारणाने कायमचं बंद केलं.

दुसरा घोळ अ‍ॅडॅप्टरचा. राउटरचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा लावला, तर ढोलकीची थाप पडली की अ‍ॅम्प अर्धा सेकंद डुलकी घ्यायचा. मग बाजारातून एक स्वस्त आणला, त्यात गाणं नसताना बारीक शिट्टी. शेवटी सीसीटीव्हीसाठी मिळतो तो १२ व्होल्ट २ अँपिअरचा घेतला, तो आजवर चालू आहे. तोवरचा एकूण खर्च हजाराच्या आतच.

ट्रान्सफॉर्मर काढल्यावर दोन गोष्टी झाल्या. खोकं इतकं हलकं झालं की बटण दाबताना टेबलावर मागे सरकतं. खाली रबराचे पाय चिकटवले. आणि जुनं पॅनेल काढल्याने मागे जे भगदाड पडलं त्यातून बासच्या वेळी फुस्स-फुस्स यायचं. प्लायचा तुकडा आणि एम-सील लावल्यावर खालचे सूर भरले. माझ्या मते अ‍ॅम्पइतकाच फरक या एम-सीलने पडला.

आता आवाजाबद्दल. आई संध्याकाळी नाट्यगीतं लावते. हार्मोनियम आणि गळा सुरेख येतो, शब्दन् शब्द कळतो. आधी तानपुऱ्याखाली त्या हूंऽऽचा परका सूर सतत लागायचा, तो गेला यातच मला पैसे वसूल वाटले. तबल्याच्या बायाचा घुमारा मात्र येत नाही. चार इंची वूफर तेवढ्या खालच्या सुरांपर्यंत जाणार नाही, अ‍ॅम्प कितीही नवा असो. ज्यांना छाती दणाणायला हवी त्यांनी या वाटेला जाऊ नये. कान अगदी जवळ नेला तर ट्वीटरमधून बारीक ‘सूंऽ’ येतं, हातभर अंतरावर ऐकू येत नाही. अ‍ॅम्प चालू करताना ‘टक्’ होतं, तेवढं चालवून घ्यायचं. तीन-चार तास चालूनही चिप जेमतेम कोमट. जुना अ‍ॅम्प बंद असतानाही त्याचा ट्रान्सफॉर्मर गरम असायचा.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की मात्र गुरगुर सुरू व्हायची. चार्जर काढला की गप्प. ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणारा नको तो करंट. ती वाट तोडणारा अडीचशेचा आयसोलेटर मध्ये टाकला, गुरगुर गेली, पण बासही चिमूटभर कमी झाला. म्हणून मी लॅपटॉप बॅटरीवर असला की आयसोलेटर काढून ठेवतो.

एक तक्रार माझी नाही, बाबांची. त्यांचा ट्रान्झिस्टर त्याच टेबलावर असतो, आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. ही चिप सेकंदाला चार लाख वेळा उघडझाप करते. त्याची दुप्पट ८०० किलोहर्ट्झ, म्हणजे बाबांच्या स्टेशनच्या अगदी शेजारी. अ‍ॅम्प चालू असला की बातम्यांमागे किर्रऽऽ. चिपला वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर नेता येतं, पण त्यासाठी बोर्डवरच्या कणभर पिना डाग देऊन बदलायच्या, माझा हात तेवढा स्थिर नाही. तोवर तह असा ठरलाय : सकाळच्या बातम्या संपेपर्यंत स्पीकरचा स्विच भिंतीवरूनच बंद, आणि तो बंद आहे की नाही हे बाबा चहाचा कप हातात घेऊन स्वतः बघून जातात.