ह्युएटची कोणती बाटली जपून ठेवावी?

नाशिकची शेनिन ब्लां ही पांढरी वाइन आपण आणतो, गार करतो आणि त्याच महिन्यात संपवतो. तिचा ताजेपणा हाच तिचा गुण. पण तीच द्राक्षाची जात फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी, वूव्रेच्या मळ्यांत पिकली की चांगल्या वर्षाची वाइन तीस-चाळीस वर्षंही टिकते. तिथल्या थंड हवेत द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटपणाची धार उतरत नाही, आणि वाइनला इतकी वर्षं सांभाळते ती हीच धार. वूव्रेतल्या दोमेन ह्युएट या वाइन-उत्पादकाची एखादी बाटली घेऊन ठेवायची असेल, तर आधी त्याच्या तीन मळ्यांतून एक निवडावा लागतो.

ल ओ-ल्यू हा 1928 मध्ये घेतलेला पहिला मळा. माती खोल आणि चिकण, त्यामुळे वाइन गोलसर, लवकर खुलणारी. पाच-सात वर्षांत उघडायची असेल तर हीच घ्या. लवकर खुलते म्हणून लवकर उतरते असं मात्र नाही. याच मळ्याच्या 1947 च्या गोड वाइनचं नाव जाणकार आजही आदराने घेतात.

ल मोंमध्ये चिकणमाती कमी, गारगोटी जास्त. नवी असताना ही वाइन अंग चोरून बसते. नुसतं लिंबू आणि ओला दगड. दहा वर्षं थांबायची तयारी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

क्लो द्यु बूर हा भिंतीने वेढलेला जुना मळा. मातीचा थर पातळ, खाली चुनखडक. ओ-ल्यूचा भरदारपणा आणि मोंची धार इथे एकत्र येतात. माझा कौल यालाच.

आता गोडीचं. सेक म्हणजे कोरडी, म्वालू म्हणजे गोड, आणि मधली दमी-सेक. ‘थोडी गोड’ म्हटलं की बरेच जण दमी-सेक परत फळीवर ठेवतात, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण जपून ठेवायला याहून चांगली नाही. पन्ह्यात गूळ असतो, पण कैरीपुढे तो डोईजड होत नाही, तसंच इथे. वर्षं सरतात तशी साखर तेवढीच राहूनही जिभेला कमी जाणवते. मध, मेण, भाजलेलं सफरचंद असे वास वर येतात. म्वालू याहूनही दीर्घायुषी, पण ती दरवर्षी होत नाही. शरद ऋतूने साथ दिली तरच.

घरी वाइनचा फ्रिज आहे का? बाटलीला 12-13 अंश आणि अंधार लागतो. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात साध्या कपाटात ती दोन वर्षांत बिघडेल. फ्रिज नसेल तर ओ-ल्यूची सेक घ्या आणि याच वर्षी प्या. असेल तर क्लो द्यु बूरची दमी-सेक, शक्यतो दोन बाटल्या: एक दहाव्या वर्षी उघडायला, दुसरी विसाव्या. उघडल्यावर तासभर तशीच राहू द्या, बर्फगार करू नका, आणि सोबत चिंच-गुळाची अळूवडी ठेवा.