अक्षर गिरवायचं की चिकटवायचं?

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला 'क' शिकवायचे दोन सोपे उद्योग: परातीत पसरलेल्या रव्यावर बोटाने गिरवणं, नाहीतर पुठ्ठ्यावर मोठं अक्षर काढून त्यावर काहीबाही चिकटवणं.

चिकटवायच्या सामानाची खानदेशात ददात नाही. 'क'वर कापूस, 'ज'वर ज्वारी, 'त'वर तूरडाळ. वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरी बोंडं असतातच. पोरं कापूस उपसतात, सरकी बाजूला काढतात आणि बोटाचा डिंक आईच्या पदराला पुसतात. या चिमटीचा पुढे पेन्सिल धरायला उपयोग होतो. पण मूल कुठूनही सुरुवात करतं: आधी शिरोरेघ, मग पोटातला गोल, दांडी सगळ्यात शेवटी. अक्षर ओळखीचं होतं, लिहायची दिशा मात्र कळत नाही. शिवाय दाणे नाकातोंडात जायची भीती. तीन वर्षांच्या आतल्यांना हे नकोच.

रव्यात दिशा कळते. चुकलं की परात हलवायची, पुन्हा कोरी. माँटेसरी पद्धतीतल्या खरखरीत कागदाच्या अक्षरांमागेही हाच विचार आहे. अडचण एवढीच, की "माय, देख ना!" म्हणत मिरवायला काही उरत नाही, त्यामुळे मूल लवकर कंटाळतं.

माझं मत विचाराल तर घरी आधी रवा. अंगणवाडीत एका परातीवरून भांडणं होणार, तिथे चिकटकाम बरं. आणि रवा उडतो म्हणून जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पंखा कोण बंद करणार? तेव्हा रव्याऐवजी ओली वाळू घ्या.