हाताचं ऑपरेशन: पूर्ण भूल की फक्त हाताची?

पावसाळ्यात रंकाळ्याच्या काठावर घसरून मामांचं मनगट मोडलं. प्लेट बसवायची ठरली आणि घरात वाद सुरू झाला तो भुलेचा. मामांची उमेद शिरोलीच्या फौंड्रीत गेलेली, छाती आधीच कमकुवत. मामी म्हणाल्या, "झोपवूनच करा, जागेपणी त्यांना नाही बघवणार."

पूर्ण भुलेत माणूस झोपतो, नळी घालून श्वास सांभाळतात. लहान मुलांना, फार घाबरणाऱ्यांना किंवा एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी ऑपरेशन असेल तर तीच बरी. नंतर मळमळ, घशात खवखव होऊ शकते आणि शुद्धीवर आल्या आल्या दुखायला लागतं.

फक्त हाताच्या भुलेत, म्हणजे ब्लॉकमध्ये, हाताची संवेदना नेणाऱ्या नसांभोवती औषध सोडतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई आणि नस दोन्ही दिसतात. सुई कुठे टोचणार हे मात्र नक्की विचारा. खांद्यासाठी मानेच्या बाजूला टोचतात, त्यात त्या बाजूचं श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वासाचा पडदा, काही तास ढिलं पडतं. दम्याच्या माणसाला ते जड जातं. मनगटासाठी काखेतून देता येतो, तिथे ही भीती नाही. मामांना तसाच दिला. वीसेक मिनिटांत म्हणाले, "हात कुणीतरी उशाशी आणून ठेवल्यासारखा वाटतोय." समोर पडदा होता, गुंगीचं थोडं औषधही दिलं होतं. मामींची काळजी तिथेच मिटली.

ब्लॉक कधीकधी अर्धवट लागतो, मग पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणून उपाशीपोटी राहणं दोन्हीकडे सारखंच: जेवण 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. औषध टोचताना कानात आवाज आला, तोंडाला लोखंडासारखी चव आली, तर तिथल्या तिथे बोला. नसेला इजा क्वचित होते. मुंग्या, बधिरपणा राहिला तरी बहुतेकांचा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातो.

कोपराखालचं ऑपरेशन आणि छाती कमकुवत, अशा माणसासाठी मी ब्लॉकच निवडेन. पण रात्रीची तयारी ठेवा. मामांचा हात बारा तासांनी एकदम जागा झाला आणि कळ मस्तकात गेली. दुखण्याची गोळी बधिरपणा उतरायच्या आधीच घ्यायची, हे आम्हाला उशिरा कळलं. बधिरपणा असेतोवर हात झोळीत ठेवा, चहाच्या किटलीपासून लांब. भाजलं तरी त्या हाताला कळत नाही.