घटस्फोटानंतर एकटीने परदेश: कामिनो, व्हिएतनाम की नेपाळ?

घटस्फोटाची डिक्री हातात पडली की आठवड्याभरात कुणीतरी म्हणतंच, "आता जरा कुठेतरी फिरून ये." पुरुषाला हे सांगताना लोक पाठीवर थाप मारतात. बाईने खरंच तिकीट काढलं की त्याच तोंडून प्रश्न येतो, "एकटीच?" हा आढावा त्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं देऊन कंटाळलेल्यांसाठी. जायचं हे नक्की आहे, कुठे ते ठरत नाहीये, असं धरून लिहितेय. पुरुष वाचकांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त त्यांना स्पष्टीकरणं कमी द्यावी लागतील.

प्रवासाचे बेत दिवसाचे असतात: सकाळी मंदिर, दुपारी बाजार. पण दिवस कुठेही निघतो. नुकतंच वेगळं झालेल्या माणसाला जड जाते ती कातरवेळ. इतकी वर्षं दिवेलागणीला घरात कुणीतरी असायचं, भांडायला का होईना. म्हणून मी सगळी ठिकाणं एकाच कसोटीला लावली आहेत. तिथे संध्याकाळी सात ते दहा माणूस करतो काय? खर्च आणि व्हिसा त्यानंतर.

आधी कागद

तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलंच पाहिजे. माहेरचं आडनाव परत घ्यायचं असेल तर आधी पासपोर्टचं री-इश्यू, मग तिकीट. ३६ पानी पुस्तिकेची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. नाव बदलायची घाई नसेल तर आहे त्या पासपोर्टवर जा. शेवटच्या पानावर नवऱ्याचं नाव छापलेलं असलं म्हणून प्रवास अडत नाही.

प्रकरण अजून चालू असेल तर रद्द न होणारी स्वस्त तिकिटं टाळा. परस्परसंमतीच्या घटस्फोटात दोन टप्प्यांमध्ये सहा महिन्यांचं अंतर असतं, पण ते माफ करता येतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. त्यामुळे तारीख अपेक्षेआधीही लागू शकते. वांद्रे काय किंवा शिवाजीनगर काय, कौटुंबिक न्यायालय तुमचं बुकिंग बघून तारीख देत नाही.

पैशांची एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. एकरकमी पोटगी नुकतीच खात्यात आली असेल, तर व्हिसा अधिकाऱ्याला ती अचानक उगवलेली रक्कम दिसते. युरोपच्या शेंगेनसारख्या व्हिसासाठी बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र लागतं. त्यात कन्सेंट टर्म्सची, म्हणजे दोघांनी कोर्टात मान्य केलेल्या अटींची प्रत आणि दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडा. लग्नानंतर नोकरी सोडली, स्वतःचं विवरणपत्र कधी भरलंच नाही, अशा बाईला युरोपचा व्हिसा अवघड जातो. व्हिएतनामच्या ई-व्हिसाला पासपोर्टचं स्कॅन, फोटो आणि भरलेला अर्ज पुरतो. नेपाळला व्हिसाच नाही. पासपोर्ट री-इश्यूला गेलेला असेल तर मतदार ओळखपत्रावरही नेपाळला विमानाने जाता येतं. बऱ्याच जणींचा निर्णय इथेच होऊन जातो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

कामिनो: जिथे संध्याकाळ आयती मिळते

उत्तर स्पेनमधली ही ख्रिस्ती यात्रेकरूंची पायवाट सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलला जाते. सगळ्यात प्रसिद्ध मार्ग फ्रान्सच्या हद्दीतल्या सँ-झाँ-प्ये-द-पोरहून निघतो, सुमारे ७८० किमी. तो पूर्ण करायलाच हवा असं नाही. किमान १०० किमी चालत सान्तियागोला पोहोचलं की प्रमाणपत्र मिळतं, त्यामुळे बरेच लोक सारिया गावापासून चालायला लागतात. तेवढ्याला पाच ते सात दिवस पुरतात. २०२४ मध्ये जवळपास पाच लाख लोकांनी हे प्रमाणपत्र घेतलं आणि त्यांत बायका पुरुषांहून जास्त होत्या.

मराठी माणसाला इथे वारी आठवणारच. रस्ता दाखवणाऱ्या पिवळ्या बाणांमागे चालायचं, मुक्कामाच्या गावी पोहोचायचं, पाय शेकायचे. फरक असा की वारीत दिंडी असते आणि दिंडीत तुमचं गाव, सासर, माहेर सगळ्यांना ठाऊक असतं. "मग वारीलाच का नाही गेलीस?" असं आईने विचारलं तर हेच उत्तर द्या. कामिनोवर पहिला प्रश्न असतो, पाय कसे आहेत. दुसरा, कुठून चालायला लागलात. आडनाव कुणी विचारत नाही.

इथली संध्याकाळ माझ्या कसोटीला सगळ्यात चांगली उतरते. चाल दुपारी एक-दोनला संपते. अंघोळ, कपडे धुणं, वाळत घालणं यात चार वाजतात. सातच्या सुमाराला यात्रेकरूंचं जेवण, बरेचदा एकाच लांब टेबलावर. दहाला दिवे बंद, पहाटे पुन्हा बॅगांच्या चेनचा आवाज. दुःख उगाळत बसायला वेळ मिळतो तो चालताना, आणि तेव्हा पाय इतके बोलत असतात की मनाला मध्ये शिरायला जागा कमी उरते. त्यातही एखाद्या कोरियन किंवा ब्राझिलियन बाईला तुम्ही अख्खं लग्न दोन तासांत सांगून टाकाल. ती पुन्हा कधी भेटणार नाही, हीच सोय.

एक सल्ला मात्र देईन. सुट्टी मिळत असेल तर सारियाऐवजी आस्तोर्गाहून निघा. अंतर सुमारे २६० किमी, म्हणजे आळंदी ते पंढरपूर एवढंच, दिवस साधारण बारा-तेरा. कारण आस्तोर्गानंतर फोन्सेबादोनच्या वर, दीड हजार मीटर उंचीवर, क्रूस दे फेर्रो हा लोखंडी क्रूस लागतो. लोक घरून आणलेला दगड तिथे टाकून पुढे जातात. सारियाहून निघणाऱ्यांना तो लागतच नाही, कारण तो मागेच राहतो. इथे मला उगाच आध्यात्मिक व्हायचं नाही, पण या एका ढिगाऱ्यासाठी आठवड्याची जादा रजा टाकणाऱ्यांना वेड्यात काढू नये.

आता तोटे. सार्वजनिक आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, खाट १० युरोच्या आसपास मिळते, पण खोलीत वीस जण घोरतात. गालिसियात, म्हणजे सान्तियागोच्या प्रांतात, शाकाहार म्हणजे बटाटा-अंड्याचं तोर्तिया, तळलेल्या पाद्रोन मिरच्या आणि पाव. तिथल्या भाजीच्या सुपातही बरेचदा डुकराचं मांस असतं. रविवारी दुकानं बंद. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर साधेपणाने राहूनही रोजचे चार ते पाच हजार रुपये जातात, वर ९० युरो व्हिसा फी आणि किमान ३०,००० युरोंचा विमा. सुरक्षितताही सरसकट नाही. निर्जन पट्ट्यांत बायकांना त्रास झाल्याच्या तक्रारी आहेत, आणि २०१५ मध्ये आस्तोर्गाजवळच एका अमेरिकन यात्रेकरू बाईचा खून झाला होता. उजाडल्याशिवाय निघू नये, रस्त्यात कुणी ना कुणी नजरेच्या टप्प्यात असावं, आणि स्पॅनिश पोलिसांचं अलर्टकॉप्स ॲप फोनमध्ये असावं.

व्हिएतनाम: जिथे चूक स्वस्तात पडते

संसारात तिकिटं, हॉटेल, टॅक्सी हे सगळं "तो बघायचा" असं ज्यांचं होतं, त्यांना मी कामिनोआधी व्हिएतनाम सुचवेन. कामिनोवर रस्ता ठरलेला असतो, बाणामागे जायचं. इथे दिवसाला दहा छोटे निर्णय तुमचे तुम्ही घ्यायचे: कुठली गाडी, कुठली गल्ली, काय खायचं, थांबायचं की पुढे जायचं. त्यातले चार चुकले तरी नुकसान पाचशे रुपयांचं. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा, एका प्रवेशाला २५ डॉलर. नीटनेटकं हॉटेल धरून रोजचा खर्च अडीच-तीन हजार रुपयांत बसतो.

हनोई ते सायगाव ही १,७२६ किमीची रेल्वे एकट्या प्रवाशासाठी उत्तम. चार बर्थच्या डब्यात खालचा बर्थ घ्या, हुए किंवा दा नांगला उतरा, पुन्हा चढा. आपल्याकडच्या स्लीपरची सवय असलेल्याला यात शिकण्यासारखं काही नाही, आणि तेच बरं. शाकाहाऱ्यांनी "चाय" (chay, म्हणजे शाकाहारी) लिहिलेली खानावळ शोधायची. चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच व्हिएतनामी लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी पर्याय वाढतात. एरवी भाजीतही माशाचा सॉस असतोच.

संध्याकाळ रस्त्यावर जाते. हनोईच्या जुन्या भागात फुटपाथवर प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलांवर अख्खं शहर जेवतं. एकटीने बसलेल्या बाईकडे कुणी वळून बघत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष ताटलीत. होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शनिवार-रविवार गाड्यांना बंद असतात. होई आन मात्र जपून. कंदिलांचं ते सुंदर गाव संध्याकाळी प्री-वेडिंग फोटोंचा स्टुडिओ होतं. पहिल्याच मुक्कामाला ते नको.

उत्तरेकडच्या "हा जियांग" भागातल्या घाटातले बाइकवरचे फोटो बघून मोह होईल. पण भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारातला, व्हिएतनाम मानतो १९६८ चा. स्वतः चालवलीत आणि पडलात तर विमा हात वर करेल. तिथे चालकासह बाइक मिळते, मागे बसून जा.

नेपाळ: जिथे झोप लागते

रात्र रात्र झोप नाही, डोक्यात तेच ते संवाद फिरतात, अशी अवस्था असेल तर अन्नपूर्णा बेस कॅम्पचा किंवा छोटा पून हिलचा ट्रेक. चहाघरात, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या घरात, संध्याकाळी सगळे शेगडीभोवती, डाळ-भात पुन्हा पुन्हा वाढला जातो, आठला माणूस गाढ झोपलेला. हिंदी चालतं, शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात हा दर पक्का.

पण इथे "एकटी" हा शब्द पूर्ण लागू नाही. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरना गाईडची सक्ती आहे. अंमल सगळीकडे सारखा नसला तरी गाईड घ्याच. पोखऱ्यात थ्री सिस्टर्स ही तीन बहिणींनी उभी केलेली संस्था स्त्रियांना गाईड म्हणून तयार करते. अनोळखी पुरुषासोबत आठवडाभर डोंगरात राहायचं नसेल तर तिथे विचारा. कळसूबाई १,६४६ मीटर, बेस कॅम्प ४,१३०. सह्याद्रीतल्या सरावाचा फायदा पायांना होतो, फुप्फुसांना नाही. विमा घेताना किती उंचीपर्यंत चालतो आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरलाय का, हे वाचून घ्या. आणि हो, दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचा एखादा ग्रुप भेटायची तयारी ठेवा.

बाली, जपान आणि "वुमन्स स्पेशल"

बालीतलं उबुद हे घटस्फोटितांचं अघोषित तीर्थक्षेत्र आहे, पण भारतातून तिथे जाणाऱ्यांत हनिमूनवालेही भरपूर. सकाळी योग, तिर्ता एम्पुलच्या झऱ्याखाली स्नान, सगळं छान. साडेसहाला अंधार पडतो, फुटपाथ नावापुरते, आणि जवळच्या प्रत्येक हॉटेलात दोघांसाठी मांडलेलं टेबल. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी बाली नको.

जपानमध्ये एकट्याने जेवणं इतकं रुळलेलं आहे की काउंटरवरच्या खुर्च्या जणू त्यासाठीच मांडल्यात. सुरक्षितता उत्तम. पण दिवसभरात कुणाशी एक वाक्य बोलणं होत नाही. जे घरात आधीच अबोला सोसून आलेत, त्यांना ती शांतता अंगावर येते. वकील, नातेवाईक, मध्यस्थ यांच्याशी बोलून घसा बसलेल्यांना मात्र तीच औषध.

केसरीची "माय फेअर लेडी", वीणा वर्ल्डची "वुमन्स स्पेशल" या सहलींना नाक मुरडायचं कारण नाही. व्हिसापासून पोळी-भाजीपर्यंत सगळं बघितलं जातं, आणि संध्याकाळी गाणी, नाच, हसणं भरपूर. ज्या बाईने लग्नात पाच वर्षं मोकळं हसून घेतलं नाही, तिला हे कामिनोपेक्षा लवकर लागू पडू शकतं. प्रश्न एवढाच की पहिल्या दिवशी नाश्त्यालाच शेजारची काकू विचारणार, "मिस्टर काय करतात?" उत्तर आधी ठरवून ठेवा. "आता माहीत नाही" हे चालतं, पुढचे आठ दिवस त्या काकूच तुमची बॅग उचलतात. खोली वेगळी हवी असेल तर जादा पैसे भरावे लागतील.

तारखा

मुलं असतील तर ठिकाण तुम्ही ठरवत नाही, कन्सेंट टर्म्स ठरवतात. बहुतेकांत मेची सुट्टी अर्धी-अर्धी आणि दिवाळी आलटून पालटून असते. मेमधला पंधरवडा मिळाला तर कामिनो. हवा सुरेख, दिवस लांब. त्याच महिन्यात नेपाळमध्ये दुपारनंतर ढग भरून येतात आणि मध्य व्हिएतनाम तापतो. दिवाळी वाट्याला आली तर नेपाळ, आकाश तेव्हा सगळ्यात स्वच्छ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हुए-होई आनला पूर येतात, म्हणून तेव्हा व्हिएतनामला गेलात तर हनोई, निन्ह बिन्हच्या बाजूलाच राहा. गालिसियातही तोवर पाऊस धरलेला असतो आणि आल्बेर्गे बंद व्हायला लागतात.

मेमध्ये स्पेन हवं असेल तर व्हिसाची अपॉइंटमेंट फेब्रुवारीतच घ्या. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबईत तारखा मिळत नाहीत. आडनाव बदलायचं असेल तर ते काम त्याआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. विम्याचा फॉर्म भरताना नॉमिनी आणि आणीबाणीचा संपर्क हे दोन रकाने हात सवयीने भरून टाकतो. ते पुन्हा वाचून मगच पैसे भरा.