७८ टक्के कॉपी म्हणे!

आमच्या डिपार्टमेंटने गेल्या सेमिस्टरपासून असाइनमेंट तपासायला कॉपी पकडणारं एक सॉफ्टवेअर घेतलंय. नाव लिहीत नाही, माझं मानधन अजून यायचंय. चार महिने वापरलं. पाचपैकी दोन स्टार, तेही फाइल पटकन अपलोड होते म्हणून.

मी पीएचडी करते आणि सोबत धर्म या विषयाच्या एका कोर्सची टीए आहे. म्हणजे लेक्चर सर घेतात आणि हजेरी, असाइनमेंट, व्हायवाचं टाइमटेबल नि 'मॅडम माझा दीड मार्क खंय गेलो' हे सगळं माझ्या गळ्यात. पोरं चौसष्ट. सरांनी सांगून ठेवलंय की प्रत्येक असाइनमेंटला रिपोर्ट जोडायचा आणि जुळणाऱ्या मजकुराचा आकडा दहा टक्क्यांच्या वर गेला तर पोराला बोलावून घ्यायचं. हा दहाचा आकडा यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांतला, तो खरं तर थिसिस नि रिसर्चसाठी, पण एकदा आकडा मिळाला की तो सगळीकडे लागतो.

आता धर्माच्या कोर्सला पोरं काय लिहिणार? देवळावर लिहिलं की आरती येणार. एकाने 'सुखकर्ता दुःखहर्ता' अख्खी घातली, सॉफ्टवेअरने अख्खी लाल केली आणि खाली तेवीस वेबसाइट दाखवल्या. मग काय करायचं त्याने, शब्द बदलून 'आनंदकर्ता क्लेशहर्ता' लिहायचं? गोव्यातल्या मंगेशीच्या देवळावर अकरा जणांनी लिहिलं, त्या अकराही जणांत १५६०च्या सुमारास कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, देव नदीपलीकडे प्रियोळला नेला हे वाक्य जवळपास सारखंच. सारखं असणारच ना, लहानपणापासून घरात तसंच ऐकलंय, देव काय वेगवेगळ्या अकरा वाटांनी गेला नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते गोव्यातल्याच सासष्टीच्या एका मुलीचं. तिने फादर स्टीफन्सवर लिहिलेलं. इंग्लंडचा माणूस, १५७९ला गोव्यात आला आणि मराठीत ओव्या लिहून १६१६ला तिथल्याच रायतूरला रोमन लिपीत ख्रिस्तपुराण छापलं. तिने त्यातल्या दोन ओव्या घेतल्या, ती 'हरळांमाजी रत्नकिळा'वाली आणि तिच्या पुढची, नि शेवटी आजीकडून ऐकलेला 'नमान मोरिये', म्हणजे मेरीमातेची कोंकणी प्रार्थना, पूर्ण. रिपोर्ट आला ७८ टक्के. पोरगी माझ्यासमोर उभी, डोळे भरलेले, 'मॅडम, हांवें कॉपी करूंक ना.' मी म्हटलं बस गो आधी, आणि रिपोर्ट एकेक ओळ उघडून बघितला.

तेव्हा गंमत कळली. सेटिंगमध्ये 'अवतरणातला मजकूर सोडा' असा पर्याय आहे, तो चालूही होता, पण त्याला फक्त अवतरण चिन्हं कळतात. ओवीला कोण अवतरण चिन्हं लावतो? ओवी वेगळ्या ओळीवर येते, शेवटी दोन दंड. त्याच्या हिशोबी ते तिचंच वाक्य. यूजीसीचे नियम तरी सर्वसामान्य माहितीचे सलग चौदा शब्द सोडतात. मी बोटावर मोजलं, रत्नकिळावाली ओवी बारा शब्दांची. एकच घातली असती तर चौदाच्या आत बसली असती, दोन घातल्या म्हणून गुन्हेगार! आणि स्टीफन्स स्वर्गाला 'वैकुंठ' का म्हणतो, ऐकणाऱ्याला त्यातून काय आठवत असेल, यावर तिने स्वतःच्या डोक्याने सात-आठ ओळी लिहिलेल्या, त्या बिचाऱ्या पांढऱ्याच. रिपोर्टमध्ये त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही.

आणि आता दुसरी बाजू बघा. एका पोराचा रिपोर्ट शून्य टक्के. शून्य! सर खूश. मी वाचायला घेतलं तर पहिलंच वाक्य, 'मागील अंकात आपण पाहिले की…' कसला मागील अंक? दुसऱ्या पानावर 'सोबतचे छायाचित्र पाहावे', छायाचित्र नाहीच. मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये टाकला तर मराठीच नाही, नुसते कंस, उद्गारचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. काकाचं डीटीपीचं दुकान, तिथून कुठल्यातरी मासिकाची जुनी, युनिकोड नसलेल्या फॉन्टातली फाइल उचलली, वर आपलं नाव नि रोल नंबर टाकून पीडीएफ केली. माणसाला ते मराठी दिसतं, सॉफ्टवेअरला चिवडा दिसतो, आणि चिवड्याशी जुळणारं इंटरनेटवर काहीच नाही.

हेल्पलाइनला तीन मेल केले. उत्तर एकाच मेलला आलं, इंग्रजीत, की आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.

बाकीचा त्रास सॉफ्टवेअरचा नाही, पण सांगतेच. देवाने स्वप्नात येऊन जागा दाखवली असं एकाने लिहिलं, मी बाजूला लिहिलं 'असं कोण सांगतं ते लिही', तर तो तणतणत आला की तुम्ही आमच्या देवाला खोटं म्हणता. अर्धा तास गेला समजवायला की बाबा मी देवाबद्दल नाही विचारत, सांगणाऱ्याबद्दल विचारतेय. हे समजवणारं सॉफ्टवेअर निघालं तर मी स्वतःच्या पैशाने घेईन.

सायन्सच्या इंग्रजी रिपोर्टांना हे कदाचित बरं असेल. मराठी-कोंकणीवाल्यांनी घ्यायचंच असेल तर डेमोला एक आरती, दोन ओव्या आणि जुन्या फॉन्टातली एक पीडीएफ बरोबर घेऊन जा, आणि रिपोर्ट येईपर्यंत सेल्सवाल्याला जाऊ देऊ नका.